क्रमांक चारची उजवी बाजू

खेळण्यातले घोडे जमवणाऱ्या माणसाला 'खेळण्यातले' म्हटलेलं खपत नाही. प्रतिकृती म्हणायचं. खऱ्या घोड्याच्या बरोबर एक नवमांश, वीतभर उंचीची, खुरापासून कानाच्या टोकापर्यंत मापात बसणारी प्रतिकृती. पोरं ज्याच्याशी खेळतात ते खेळणं. ही मंडळी त्याला काचेच्या कपाटात ठेवतात, आठवड्याला मऊ ब्रशने धूळ झटकतात आणि पाहुण्यांच्या लेकरांना हात लावू देत नाहीत. आता यात जास्त शहाणपणाचं काय आहे ते मला विचारू नका. छंदापुढे कुणाचं चालतं?

अशा दोनेकशे लोकांचं एक मंडळ होतं. मंडळाचा वर्षातून एकदा अंक निघायचा. अंकात लेख असायचे, फोटो असायचे, सचिवांचं न संपणारं मनोगत असायचं. पण हातात पडल्या पडल्या जो तो उघडायचा ते शेवटचं सदर: 'वर्षातले नवे घोडे'. त्या वर्षी निघालेल्या प्रत्येक घोड्याला दहापैकी गुण आणि चार ओळी. गेली नऊ वर्षं हे सदर एकच बाई लिहीत होती. मंडळात तिला 'मोजपट्टी' म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

मोजपट्टीचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दंतवैद्याकडून तोंडाचा ठसा यायचा, ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणात दात बसवायची, आणि कुणाच्या तरी आजोबांना पुन्हा चावता यायला लागायचं. त्या आजोबांचं तोंड तिने कधी पाहिलेलं नसायचं. पण नुसत्या जबड्यावरून सांगायची, हा माणूस आयुष्यभर डाव्या बाजूने चावत आलाय, हिला झोपेत दात खायची सवय आहे. लोक थक्क व्हायचे. "त्यात काय मोठं," ती म्हणायची, "हाड खोटं बोलत नाही."

कवळीचं कॅलिपरच, म्हणजे मापं घ्यायचा चिमटा, ती घोड्यांना लावायची. गुण देण्यात बाई महाकंजूष. तिने कुणाला नऊ दिल्याचं ऐकिवात नव्हतं; आठ मिळाले की शिल्पकार ते पान चौकटीत लावायचे. आणि पाचाच्या खाली उतरला की खेळ खलास. घोडे काढणारा कारखाना छोटा होता, त्याला तोटा परवडत नव्हता. प्रत्येक नव्या घोड्याचे तो आधी पन्नास नग काढायचा, अंक निघेपर्यंत थांबायचा, आणि मोजपट्टीने पाचाच्या खाली ढकललं की साचा सरळ फोडून टाकायचा.

एवढी सत्ता एका बाईच्या हातात, म्हणून तिने स्वतःच स्वतःला नियम घालून घेतले होते. पहिला, घोडे बिनरंगाचे यायचे, पांढरेफटक. रंग डोळ्यांना फसवतो. दुसरा, कोणता घोडा कुणी घडवला हे तिला कळता कामा नये. खोकी तिचा नवरा उघडायचा, घोड्यांच्या पोटाला क्रमांक चिकटवायचा आणि नावांची यादी पाकिटात बंद करून स्वतःकडे ठेवायचा. तिसरा, लेख छपाईला गेल्याशिवाय पाकीट फुटणार नाही, आणि फुटल्यावर लेखातलं अक्षर हलणार नाही. नवरा पेशाने कुलूपवाला. गावातली निम्मी कुलपं उघडू शकणारा माणूस, पण बायकोचं साधं पाकीट नऊ वर्षांत कधी वेळेआधी उघडलं नाही.

यंदा मात्र सचिवांनी घोळ घातला.

सचिव म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. हजारो बंद पाकिटं हाताळली, पण स्वतःचं तोंड काही बंद ठेवता आलं नाही. फोनवर अंकाची तारीख सांगता सांगता बोलून गेले, "आणि यंदाच्या सात शिल्पकारांत तुमचे बंधुराज पण आहेत बरं का."

मोजपट्टी तारीख लिहिता लिहिता थांबली.

"कोणता ते नाही सांगितलं हं मी," सचिव घाईघाईने म्हणाले.

"मग मला हे सदर लिहिता येणार नाही. नात्यातलं काम आहे."

"अहो बाई, अकरा वर्षं तुम्ही एकमेकांशी बोलत नाही. नातं उरलंय कुठे?"

सचिवांचा इरादा चांगलाच होता. पण शब्द वर्मी बसला. ती "बरं, लिहिते" म्हणाली आणि फोन ठेवला.

तर अकरा वर्षांपूर्वीचं ऐका. या दोघांचे वडील बेकरीचे गाडीवान. घोडागाडीतून पाव पोचवायचे. घोडी एकच, आणि तिचा तोरा असा की घरात तिला 'मालकीण' म्हणत. पोरगी बारा वर्षांची असताना मालकीण आली. रोज सकाळी शाळेच्या आधी खरारा करायचं काम पोरांकडे. खरारा म्हणजे घोड्याचं अंग ब्रशने घासून साफ करणं. भांडणं नकोत म्हणून वडिलांनी घोडीची वाटणीच करून टाकली, डावी बाजू ताईची, उजवी धाकट्याची. आणि एक दम भरून ठेवला: घोडीच्या मागे कुणी उभं राहायचं नाही, लाथ बसली तर दात घशात. बारा वर्षं, लग्न होऊन जाईपर्यंत, ताईने डावी बाजू घासली. धाकट्याला तिकडे फिरकू दिलं नाही आणि स्वतः उजवीकडे गेली नाही.

वडील गेले तेव्हा धाकटा परगावी होता, प्लास्टरची छतं करायच्या कामावर. बेकरीने तोवर मोटार घेतली होती, तबेल्याची जागा रिकामी करून मागितली. घोडीचं काय करायचं? लाकडाचा वखारवाला न्यायला तयार झाला. धाकट्याने फोनवर कळवळून सांगितलं, "ताई, तिला ओझ्याला देऊ नकोस. तिचं मागचं अंग अधू झालंय. मी येईपर्यंत थांब." ताई तबेल्यात गेली. मालकिणीच्या डाव्या अंगाशी उभी राहिली, मानेवरून, पाठीवरून, पायावरून हात फिरवला. सगळं ठणठणीत. अंगावर झूल होती, ती काढायची तिला गरज वाटली नाही. धाकटा पहिल्यापासून नाटकी; मांजर शिंकलं तरी डोळ्यांत पाणी आणायचा. तिने घोडी वखारीला दिली.

तीन आठवड्यांत मालकीण ओंडक्यांच्या गाडीखाली बसली ती उठलीच नाही.

धाकटा आला, दारातच उभा राहिला. "तुला तिचं दुखणं कधी दिसलंच नाही," एवढंच म्हणाला. ती म्हणाली, "बारा वर्षं खरारा केलाय मी. तिला काही झालेलं नव्हतं. म्हातारी झाली होती, गेली." तो गेला तो गेलाच. तिला त्याची आठवण यायची, खूप यायची, पण चूक आपली आहे असं एक दिवसही वाटलं नाही. झालं असेल काहीतरी वखारीत, असं ती स्वतःला सांगायची. त्याच वर्षी तिने पहिला घोडा कपाटात आणून ठेवला. दोन्ही गोष्टींचा संबंध आहे असं नवऱ्याने एकदा सुचवून पाहिलं आणि दोन दिवस स्वतःच्या हाताने चहा करून प्यायला.

आता सात पांढरे घोडे टेबलावर ओळीने उभे होते. त्यांतला एक धाकट्याचा.

तिला काय हवं होतं ते सरळच सांगतो. तिला धाकटा परत हवा होता. पण माफी मागून नको, कारण माफी कशाची? तिने मनात वेगळाच डाव मांडला होता. त्याचा घोडा तिने नाव न कळता चांगला म्हणावा. मागून त्याला कळावं की ताईला माहीत नव्हतं, तरी ताईने आठ दिले. असल्या शब्दाला लबाडीचा वास येत नाही. तेवढ्यावर तो फोन करील. करीलच. आणि समजा त्याचा घोडा वाईट निघाला तर? तर चार म्हणजे चार. मग तो मेलं तरी या घराची पायरी चढायचा नाही. म्हणून सात घोड्यांकडे बघताना तिचा जीव टांगणीला लागला होता. त्यात पंचाईत अशी, की वशिला लावून गुण वाढवावेत तर तो शब्दच खोटा ठरणार.

"अहो," तिने नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला माहीत आहे ना कुठला?"

"नंबर मीच चिकटवले."

"सांगू नका."

"विचारू नकोस," तो म्हणाला आणि कुलपाच्या लिव्हरला तेल देत बसला.

तिने कामाला हात घातला.

क्रमांक एक, शर्यतीचा घोडा. चारही खूर हवेत, पोटाखाली आधाराची काडी. तिने लिहिलं, 'काडी उत्तम. घोड्याबद्दल तसं म्हणता येत नाही. पाच.'

क्रमांक दोन, मागच्या पायांवर उभा राहिलेला तगडा घोडा. नाकपुड्या फुललेल्या, डोळे वटारलेले, आयाळ उडतेय. तो हातात घेतला आणि तिला हसूच फुटलं. हा धाकट्याचा! दुसरा कुणाचा असणार? एवढं नाटक दुसऱ्या कुणाला सुचायचं नाही. आयाळ डावीकडे उडत होती आणि शेपूट उजवीकडे. पण पाय पक्के होते, मान सुरेख वळली होती, तोल मापात होता. तिने कॅलिपर तीनतीनदा लावून पाहिलं, कुठे आपण पाघळत तर नाही ना म्हणून. 'वारा दोन दिशांनी वाहतो आहे. ते सोडलं तर या घोड्यात जीव आहे. सात.' आठ द्यायला हात शिवशिवत होता, दिले नाहीत. सातसुद्धा तिच्याकडून पुष्कळ झाले, धाकट्याला ते कळेल. मनावरचा दगड उतरला. तिने उठून चहा टाकला, नवऱ्यालाही दिला, आणि त्याने काही विचारायच्या आत म्हणाली, "काही नाही. सहज."

एकदा मनाने घेतलं की घेतलं. उरलेल्या पाच घोड्यांकडे ती मोकळ्या डोळ्यांनी बघायला लागली, म्हणजे तिला तरी तसं वाटलं.

क्रमांक तीन, गोल पोटाचं तट्टू. 'याला पाहून बरं वाटतं. आठ.' पाच, गेल्या वर्षीचाच घोडा, फक्त शेपटीला गाठ मारलेली. 'शेपूट नवी. तीन.' सहा, घोडी आणि शिंगरू. 'शिंगराचे पाय जन्मतःच आईएवढे लांब दिसतात. इथे ते बाकावर बसलेल्या मास्तरांसारखे आखूड आहेत. चार.' सात, गाडीचा घोडा, साजासकट. 'बकलं बघण्यासारखी. साडेसहा.'

राहता राहिला क्रमांक चार.

चार म्हणजे एक म्हातारी घोडी. काही करत नव्हती. पळत नव्हती, उधळत नव्हती, चारही पायांवर नुसती उभी होती. अंगावर हिवाळ्यातली दाट केसाळ कातडी, पाठ किंचित खचलेली, मान खाली. ना साज, ना झापडं. मोजपट्टीने तिला कपाटात ठेवतात तशी, डावी बाजू समोर घेऊन ठेवली. ठेवली आणि बराच वेळ बघत बसली. मानेच्या मुळाशी केस कसे वळतात, कोपराच्या मागे कातडीला कशी घडी पडते, पोटाच्या कडेला ब्रश नेहमी जिथे अडतो तो उंचवटा, सगळं जिथल्या तिथे. तिचा हात आपोआप पुढे गेला आणि अंगठा त्या उंचवट्यावरून फिरला. तिने लिहिलं, 'डावी बाजू यंदाची सर्वोत्तम. ही घोडी कुठेतरी पाहिली आहे असं वाटतं, आणि हे शिल्पकाराचं यश आहे.'

मग तिने घोडी वळवली. मागून कॅलिपर लावलं, आणि कपाळाला आठी पडली.

उजवा खुबा खाली होता. चुकून झाला म्हणावा इतका थोडा नाही, तब्बल दोन पूर्णांक सात दशांश मिलिमीटर. खऱ्या घोडीत ते जवळजवळ अडीच सेंटीमीटर. घोडी चारही पायांवर सरळ उभी असताना दोन्ही खुबे एका पातळीत हवेत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. शिवाय उजव्या खुब्याचं टोक सपाट, तिथलं मांस आत गेलेलं. तिला संताप आला. चांगल्या कामाची कुणी माती केली की तिला वाईट कामापेक्षा जास्त राग यायचा. तिने एका दमात लिहून टाकलं:

'उजवीकडे येईपर्यंत शिल्पकाराचा धीर सुटलेला दिसतो. खुबा दोन पूर्णांक सात मिलिमीटर खाली. असा सांगाडा असलेली घोडी उभी राहील, फार तर चालेल. ओझं ओढू शकणार नाही. ओढायला लावली तर बसेल आणि उठणार नाही. घडवणाऱ्याने एकदा मागे जाऊन बघायला हवं होतं. निव्वळ हलगर्जीपणा. चार.'

चार लिहिताना तिला किंचित वाईट वाटलं, डाव्या बाजूसाठी. पण नियम म्हणजे नियम. लेख गेला.

आठ दिवसांनी सचिवांचा फोन आला की पानं छापून झाली, आता फक्त शिवायची आहेत. नवऱ्याने पाकीट आणून टेबलावर ठेवलं. नेहमी तिथेच बसून तिची तोंडं बघत मजा घ्यायचा, आज म्हणाला, "मी जरा दुकानात जाऊन येतो."

"थांबा की. दोन नंबर त्याचाच आहे, मला माहीत आहे."

तो थांबला. दाराशी उभा राहिला.

तिने पाकीट फाडलं. क्रमांक दोनपुढे कुणा बाईचं नाव होतं, ओळखीचंही नाही. तिची नजर खाली घसरली. चार. धाकट्याचं नाव. त्याच्यापुढे घोड्याचं नाव लिहायची जागा असते, तिथे लिहिलं होतं, 'मालकीण'.

ती उठली नाही की ओरडली नाही. घोडी कपाटात होती, डावी बाजू समोर. तिने ती काढून टेबलावर ठेवली, पाठमोरी. मग लेखाची नक्कल काढून स्वतःचीच ओळ वाचली. ओझं ओढू शकणार नाही. ओढायला लावली तर बसेल आणि उठणार नाही. एकदा मागे जाऊन बघायला हवं होतं. अक्षर तिचं होतं, माप तिचं होतं, कॅलिपरही तिचंच.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"कुठला ते माहीत होतं. तू काय लिहिणार ते कुठे माहीत होतं?" नवरा म्हणाला. "आणि लिहून झाल्यावर मी वाचलं. तेव्हा तोंड उघडलं असतं तर तू मला घरात ठेवलं असतंस?"

"अहो, खरंच तिचा खुबा गेला होता."

"हो."

"तुम्हालाही ठाऊक होतं?"

"तुझ्या वडिलांनी एकदा सांगितलेलं. बेकरीच्या उतारावर घसरली होती, तुझं लग्न झाल्यावर. बेकरीला कळलं तर काम जाईल म्हणून ते गाडी नेहमी डावी बाजू दाखवून लावायचे आणि झूल काढायचे नाहीत. पाव निम्मेच भरायचे, खेपा दुप्पट करायचे. मला वाटलं तुला माहीत असणार. भांडण झाल्यावर सांगायला गेलो, तर तू ऐकून घेतेस होय?"

हे खरंच होतं, त्यामुळे तिला त्याच्यावर रागावता येईना. राग यायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं. हजार जबडे मोजले, कोण कुठल्या बाजूने चावतं ते सांगितलं, आणि घरच्या घोडीचं एक हाड बारा पावलं चालून बघितलं नाही. वर अकरा वर्षं भावाला नाटकी म्हटलं. आणि आता त्याने तीच घोडी पुन्हा उभी केली तर हलगर्जीपणा म्हणून चार गुण देऊन साचा फोडायला पाठवली. एकाच घोडीला तिने दोनदा मारलं होतं. ती रडली. कशी रडली ते सांगत बसत नाही. नवऱ्याने दार लावून घेतलं एवढं सांगतो.

मग तोंड धुऊन तिने सचिवांना फोन लावला.

"क्रमांक चारबद्दल शुद्धिपत्र घालायचंय."

सचिवांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. नऊ वर्षांत मोजपट्टीचं शुद्धिपत्र! "अहो, पाकीट फुटल्यावर अक्षर हलवायचं नाही हा तुमचाच नियम."

"अक्षर नका हलवू. वेगळी चिठ्ठी छापून आत चिकटवा."

"शुद्धिपत्र छपाईच्या चुकांसाठी असतं बाई. तुमचं माप चुकलंय का?"

"माप बरोबर आहे. बाकी सगळं चुकलंय."

 सचिव हळूच म्हणाले, "लोक म्हणतील, भावासाठी केलं. पुढच्या वर्षी तुमच्या गुणांवर कुणी विश्वास ठेवणार नाही."

"म्हणू देत. आणि पुढच्या वर्षी दुसरं माणूस बघा."

हे झालं. खरी कसोटी पुढेच होती. धाकट्याचा नंबर अकरा वर्षं वहीच्या मागच्या पानावर होता. तिने तो फिरवला आणि पलीकडून "हॅलो" आलं तेव्हा काय बोलायचं ते सगळं विसरली.

"मालकिणीचा उजवा खुबा खाली आहे," ती म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "किती भरला?"

"दोन पूर्णांक सात."

"मी अडीच धरला होता. प्लास्टर वाळताना बसलं असेल."

"अरे, मी चार गुण दिलेत. हलगर्जीपणा म्हणून लिहिलंय. छापून झालंय ते."

"बरं."

"बरं काय? आणखी लिहिलंय, अशी घोडी ओझं ओढू शकणार नाही. बसली तर उठणार नाही."

 मग त्याचा आवाज आला, आणि तो आवाज नाटकी मुळीच नव्हता. "तेवढंच तर सांगत होतो ताई. तू कुठल्यातरी निमित्ताने तिच्या मागे जाऊन उभी राहावीस, एवढ्यासाठी केली ती घोडी. मला गुण नको होते."

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी झूलसुद्धा काढली नव्हती."

"मला माहीत आहे. ती गेल्यावर वखारीत गेलो, तेव्हा झूल तशीच होती अंगावर."

 तिने फोन ठेवला नाही. त्यानेही ठेवला नाही. मग तिने विचारलं, "डावी बाजू कशी काय जमली तुला? तिकडे तर मी तुला कधी येऊ दिलं नाही."

"तू खरारा करताना बडबडायचीस ना. इथे केस उलटे आहेत, इथे ब्रश अडतो, इथे हिला गुदगुल्या होतात. पलीकडून सगळं ऐकू यायचं. ऐकलं तसं केलं."

अंक निघाला. शेवटच्या पानाला बोटभर चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि मंडळात पुढचे सहा महिने दुसरा विषय नव्हता. चिठ्ठीत लिहिलं होतं:

'क्रमांक चार. उजव्या खुब्याचं माप शिल्पकाराने हेतूने आणि अचूक दाखवलं आहे. हलगर्जीपणा हा शब्द मागे घेते. ही घोडी ओझं ओढू शकत नव्हती, हे शिल्पकाराला माहीत होतं. जिने तिला ओझ्याला दिलं, तिला कळायला हवं होतं. या घोडीला गुण देण्याचा अधिकार मला नाही. चार गुण रद्द समजावेत.'

सदस्यांना त्यातली तिसरी आणि चौथी ओळ कळली नाही. काहींनी भावासाठी केलं म्हटलंच. कारखानदाराने डोकं खाजवलं. पाचाच्या खाली गुण नाहीत म्हणजे साचा फोडायचं कारण नाही, असं म्हणून ठेवून दिला.

धाकटा पुढच्या रविवारी आला. पायरीवर क्षणभर थांबला, मग चप्पल काढून आत आला. भावोजींशी कुलपांबद्दल बोलला, चहा प्याला, छताकडे बघून प्लास्टर कुठे फुगलंय ते दाखवलं. मालकिणीचं नाव कुणीच काढलं नाही. मग ताईने कपाट उघडलं. रविवार हा धूळ झटकायचा दिवस. तिने मालकीण टेबलावर आणून ठेवली आणि दोन ब्रश ठेवले. धाकट्याने एक उचलला आणि सवयीने उजवीकडची खुर्ची ओढली.

"तिथून ऊठ," ताई म्हणाली. "आज तिकडून मी करते."

तो उठला आणि डावीकडे जाऊन बसला. ती उजवीकडे बसली, आणि खुब्यापाशी आल्यावर तिने ब्रश हलका केला.